पहिल्या वर्षाचा न दिसणारा हिशेब

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील एखाद्या गावचा विद्यार्थी बारावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो, घरी पेढे वाटले जातात, शेजारपाजारच्या मुलांना त्याचे उदाहरण दिले जाते, आणि पावसाळ्यात तो जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात दाखल होतो. पुढे पाचसहा महिन्यांनी पहिल्या सत्राचा निकाल लागतो, तेव्हा त्याच्या गुणपत्रकावर एखाद्या विषयापुढे अनुत्तीर्णतेचा शेरा असतो. हा प्रकार इतका नेहमीचा झाला आहे की त्याचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. वास्तविक नवल वाटावयास हवे. बुद्धी तीच, मेहनतीची सवय तीच, विषयही बव्हंशी बारावीच्याच वाटेने पुढे गेलेले. मग या पाचसहा महिन्यांत असे काय घडते?

गावात या प्रश्नाची तीन उत्तरे तयार असतात: पोराला शहराचे वारे लागले, मोबाईलने घात केला, किंवा मुळात वकूबच तेवढा होता. पहिली दोन उत्तरे मुलाच्या वर्तनावर ठपका ठेवतात, तिसरे त्याच्या बुद्धीवर. क्वचित प्रसंगी ती खरीही असतील. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की, बहुसंख्य विद्यार्थ्यांची ही घसरण, महाविद्यालयाचे पहिले वर्ष कोणत्या यंत्रणेने चालते याविषयी त्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि पुष्कळदा शिक्षकांनीही बाळगलेल्या चुकीच्या कल्पनांतून होते. आणि कल्पना चुकीची असेल तर ती दुरुस्त करता येते.

पाणी येणे आणि पाणी काढणे

सर्वांत दूरवर पसरलेला गैरसमज असा की, बारावीपर्यंत एकदाचे कष्ट उपसले म्हणजे पुढे महाविद्यालयात विसावाच आहे. हा समज उगाच उपजलेला नाही. त्याला डोळ्यांना दिसणारा आधार आहे. शाळेत वही तपासली जाते, दर आठवड्यास चाचणी होते, गैरहजर राहिल्यास घरी निरोप जातो, आणि खासगी शिकवणीचे वर्ग तर विद्यार्थ्याचा दिवस तासातासाने बांधून देतात. महाविद्यालयात हा सर्व तगादा एकाएकी थांबतो. तगादा थांबला म्हणजे देणेही फिटले, असे अठरा वर्षांच्या मनाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा?

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्याची शेती आहे त्या शेतकऱ्याला पाळी आली की पाणी बांधापर्यंत येऊन पोहोचते. विहिरीवर ज्याची शेती आहे त्याच्या विहिरीत पाणी कदाचित अधिकही असेल, परंतु ते केव्हा आणि किती काढावयाचे हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते, आणि त्याने ते न काढल्यास पीक सुकेपर्यंत कोणीही येऊन त्याला विचारीत नाही. शाळेतील ज्ञान हे पहिल्या प्रकारचे आणि महाविद्यालयातील दुसऱ्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, प्राध्यापकांची खोली ही सर्व उघडी असतात. मात्र ती स्वतः होऊन विद्यार्थ्याकडे चालत येत नाहीत.

रिकाम्या दुपारीही कामाच्याच

नव्या विद्यार्थ्याच्या हाती वेळापत्रक पडते तेव्हा दुपारच्या पुष्कळ जागा कोऱ्या दिसतात आणि तेवढा वेळ आपल्या मालकीचा, असे तो गृहीत धरतो. येथे हिशेबाची मोठी चूक होते, आणि ती समजण्यासाठी श्रेयांक म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा जो नवा आराखडा लागू झाला, त्यात अभ्यासाचे माप श्रेयांकाने मोजले जाते. परभणीची बहुतेक कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये ज्याच्या कक्षेत येतात त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही हीच रीत आहे.

*चौकट: एका श्रेयांकामागे किती तास?*
*राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक म्हणजे एकूण ३० तासांचे अध्ययन. व्याख्यानाच्या विषयात यांपैकी १५ तास वर्गातले. उरलेले १५ विद्यार्थ्याने वाचन, लेखन व सरावासाठी स्वतः द्यावयाचे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास प्रयोगशाळेतच जातात. एका सत्राचे साधारण २२ श्रेयांक. म्हणजे सत्राला ६६० तास.*

हे २२ श्रेयांक समजा सर्व व्याख्यानांचे असतील, तर वर्गातले ३३० तास आणि वर्गाबाहेरचेही ३३० तास. सत्राचे प्रत्यक्ष अध्यापन १५ आठवड्यांचे धरले, तर वर्गाबाहेरचा वाटा आठवड्यास २२ तासांचा, म्हणजे रविवार धरून रोज तीन तासांहून थोडा अधिक येतो. प्रात्यक्षिके असली तर हा आकडा कमी होईल. तथापि तत्त्व तेच राहते. कोरी दुपार अभ्यासक्रमाच्या आखणीत आधीच धरलेली असते. फक्त तिची हजेरी कोणी घेत नाही.

यात आणखी एक भर पडते. सत्र सहा महिन्यांचे असते असे आपण सहज म्हणतो. परंतु पहिल्या सत्रापुरते ते खरे नसते. विशेषतः कृषी व अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात, कोणाचे जात पडताळणीचे प्रमाणपत्र यावयाचे असते, कोणी तिसऱ्या फेरीत येतो, कोणाला वसतिगृहात जागा मिळेपर्यंत पंधरा दिवस जातात. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला वाटते, अद्याप वेळ आहे. प्रत्यक्षात अंतर्गत मूल्यमापनाची पहिली चाचणी दारात येऊन उभी असते आणि तिचे गुण अंतिम निकालात मिळवले जातात. बारावीत शेवटच्या दोन महिन्यांत वर्षाची भरपाई करता येत असे. सत्रपद्धतीत तेवढी जागाच उरत नाही.

पुन्हा वाचले म्हणजे पाठ झाले?

तास दिले तरी काम भागत नाही, कारण त्या तासांत काय करावयाचे याविषयीही एक हट्टी गैरसमज आहे. आपण धडा एकदा वाचतो, मग पुन्हा वाचतो. दुसऱ्यांदा मजकूर ओळखीचा वाटतो, तिसऱ्यांदा अगदी सोपा वाटतो, आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान अशी आपली समजूत होते. परीक्षेत प्रश्नपत्रिका पाहिल्यावर मात्र ते आठवत नाही. याचे कारण, समोर असलेली गोष्ट ओळखणे आणि समोर नसलेली गोष्ट स्मरणातून वर काढणे ही मनाची दोन निरनिराळी कामे आहेत, आणि वारंवार वाचनाने पहिल्याचाच सराव होतो.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने डोळे उघडणारा आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी ते बाजूस ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी कसोटी घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले: वाचणाऱ्यांपाशी ४२ टक्के उरले होते, लिहिणाऱ्यांपाशी ५६. पुनर्वाचनाचा मोह का सुटत नाही, हे या आकड्यांवरून कळते. त्याचा लाभ लगेच दिसतो आणि तोटा आठवड्याने दिसतो. वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणे, मग वही उघडून चुकले ते पाहणे, ही रीत कंटाळवाणी आणि मनाला काहीशी लागणारी आहे. पण तिनेच शिकलेले टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की दिवसा शिकलेले स्मरणात मुरवण्याचे काम झोपेत होते, यास्तव झोप तोडून वाचलेले पान बहुधा पदरी पडत नाही.

इंग्रजी, विषय आणि बुद्धी

खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनाला सर्वांत खोल जखम करणारा गैरसमज असा की, इंग्रजीतून चाललेले व्याख्यान कळत नाही म्हणजे विषय कळत नाही, आणि विषय कळत नाही म्हणजे आपली बुद्धीच बेताची. या तीन गोष्टी एका माळेत ओवल्या जातात, आणि वास्तविक त्यांचा परस्परांशी संबंध फार थोडा आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. येथील कृषी महाविद्यालय १९५६ चे आणि विद्यापीठ १८ मे १९७२ चे. प्रथम वर्षाच्या वर्गात मृदाशास्त्राचे व्याख्यान चालू आहे, आणि फळ्यावर ‘व्हर्टिसॉल’ व ‘मॉन्टमोरिलोनाइट’ असे दोन शब्द लिहिलेले आहेत, अशी कल्पना करा. मानवत किंवा पूर्णा तालुक्यातून आलेला विद्यार्थी गप्प आहे; त्याला वाटते, हे आपल्या आवाक्याबाहेरचे. आणि गोष्ट कशाविषयी चालली आहे? उन्हाळ्यात जी हातभर खोल भेगाळते, पहिल्या पावसात जी फुगून भेगा मिटवते, चिखल झाल्यावर जी पायाला सोडत नाही, त्या काळ्या जमिनीविषयी! पाणी शोषून ज्या मातीकणांचे थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळले की पुन्हा आकसतात, त्या खनिजाचे नाव मॉन्टमोरिलोनाइट. आणि अशा चिकणमातीने भरलेल्या काळ्या जमिनीचा वर्ग तो व्हर्टिसॉल. शहरातल्या ज्या सहाध्यायाला हे दोन्ही शब्द उच्चारता येतात, त्याने ही जमीन कदाचित कधी तुडवलेलीही नसेल.

मग कळत का नाही? मनात विचार करताना आपण ज्या गोष्टी क्षणभर धरून ठेवतो, त्या साठ्याला कार्यस्मृती म्हणतात, आणि तो साठा फार लहान असतो. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात असे मांडले. पुढे नेल्सन कोवन यांनी ती संख्या चारच्या आसपास आणली. चारच जागा असताना परक्या भाषेतील वाक्याचा अर्थ लावण्यातच दोन-तीन अडकल्या, तर विषयाच्या तर्कासाठी उरते काय? बुद्धी कमी पडत नाही. तिला जागा मिळत नाही. यावरून उपायही सुचतो. जे शब्द आधीच ओळखीचे झालेले असतात ते कार्यस्मृतीत जागा अडवीत नाहीत. म्हणून उद्याच्या व्याख्यानातील आठदहा पारिभाषिक शब्द आदल्या रात्री पाहून ठेवावेत आणि तो विषय मराठीतून एकदा वाचून जावे. मराठी विश्वकोशातील विज्ञानाच्या नोंदी आणि भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश महाजालावर विनामूल्य आहेत. ते या कामी फार उपयोगी पडतात, आणि आपल्याकडे त्यांचा वापर किती कमी होतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

या प्रदेशाला तर भाषा बदलून शिकण्याचा जुना अनुभव आहे. परभणी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होती, आणि त्या राज्याचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले. पाठ्यग्रंथ उर्दूत आणण्यासाठी त्याआधीच, १९१७ मध्ये, स्वतंत्र भाषांतर विभाग उघडावा लागला होता. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाई अशा मुलांना त्या काळी उच्च शिक्षणासाठी उर्दूच्या दारातून जावे लागे. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादेस स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, आणि नांदेडचे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी. आजच्या विद्यार्थ्याच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हा भार दुसऱ्या लिपीत वाहिला, हे त्याने विसरू नये.

कचेरीच्या मुदती

काही गैरसमज थेट पैशांशी व कागदांशी निगडित आहेत. ते थोडक्यात सांगतो. प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती आपोआप जमा होते, अशी अनेक पालकांची समजूत असते. तसे नसते. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याने स्वतः मुदतीत अर्ज करावा लागतो, बँकेचे खाते आधारशी जोडलेले असावे लागते, महाविद्यालयाने अर्ज तपासून पुढे पाठवावा लागतो, आणि पुढील वर्षी नूतनीकरण करावे लागते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी, काही अभ्यासक्रमांपुरता, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. गावाहून रोज एस.टी.ने येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत प्रवास मोफत असतो. महाविद्यालयात पाऊल टाकताच ती सवलत संपते आणि मासिक पास काढावा लागतो, ज्यात मूळ भाड्याच्या ६६.६७ टक्के सूट असते. ही रक्कम लहान दिसते, पण तिची तजवीज आधी न झाल्याने काही मुलींची हजेरी पहिल्याच महिन्यात खंडित होते.

एका विषयात राहिले म्हणजे वर्ष बुडाले, हीही जुन्या वार्षिक पद्धतीची धास्ती आहे. आता त्या विषयाचे श्रेयांक तेवढे राहतात, उत्तीर्ण विषयांचे त्याच्या श्रेयांक-खात्यावर जमा होतात, आणि विद्यापीठाच्या नियमानुसार एटीकेटी (राहिलेला विषय नंतर देण्याची मुभा) घेऊन पुढील वर्गात जाता येते. निराश होऊन गावी परत जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

आणि रॅगिंगला ‘ओळख करून घेण्याची पद्धत’ समजणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि दोषी ठरलेल्यास काढून टाकल्यावर पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो.

‘सर्वांना कळते, मलाच कळत नाही’

वरील सर्व गैरसमज दुरुस्त करणे कठीण का जाते? कारण विद्यार्थी कोणास विचारीत नाही. प्राध्यापक विचारतात, “समजले का?” वर्ग स्तब्ध असतो. प्रत्येकाला ठाऊक असते की आपण स्वतः संकोचाने गप्प आहोत. परंतु इतरांचे मौन पाहून तो असा निष्कर्ष काढतो की त्यांना समजले आहे. आपले मौन भीतीचे आणि दुसऱ्याचे मौन ज्ञानाचे, असा हा विलक्षण दुहेरी न्याय आहे. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये याची परीक्षा केली. विद्यार्थ्यांना मुद्दाम दुर्बोध लिहिलेला लेख दिला, आणि न कळल्यास येऊन विचारा असे सांगितले. कोणीही विचारावयास गेले नाही, आणि सर्वसाधारणपणे त्यांना वाटले की आपल्यापेक्षा इतरांना तो अधिक कळला असावा.

परभणीत खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला हाच भ्रम अभ्यासाबाहेरही घेरतो. गावाकडून आलेला डबा उघडताना घशाशी आवंढा येतो. रूम पार्टनर हसत असतो, म्हणून त्याला घर आठवत नाही असे वाटते. त्यालाही हा हसताना दिसत असतो. यातून ‘मी येथला नव्हेच’ ही भावना दृढ होते, आणि मग एखाद्या चाचणीतले कमी गुण ही शिकण्याच्या वाटेवरची अडचण न राहता आपल्या अपात्रतेचा पुरावा ठरतात.

ही भावना किती थोड्या प्रयत्नाने सैल होऊ शकते, हे ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये दाखवले. एका नामांकित अमेरिकन महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची निवेदने वाचावयास दिली: आम्हालाही आरंभी आपण येथले नाही असे वाटत होते, पुढे ते ओसरले. मग हेच आपल्या शब्दांत, पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, लिहावयास सांगितले. सारे काम सुमारे एका तासाचे. परंतु पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली त्यांची तफावत जवळजवळ निम्म्यावर आली. नंतर अनेक संस्थांतून घेतलेल्या मोठ्या प्रयोगात असेही आढळले की, जेथे अशा विद्यार्थ्यांना खरोखरच आपलेसे होण्याची संधी असते तेथेच हा उपाय लागू पडतो. नुसत्या धीराच्या शब्दांनी तो साधत नाही.

म्हणून माझी विनंती प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपेक्षा द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना अधिक आहे. परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर, जेथे आपण शिकत असाल तेथे, नव्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या कनिष्ठ विद्यार्थ्याला आपल्या पहिल्या चाचणीचे गुण सांगा, कोणते व्याख्यान मुळीच कळले नव्हते ते सांगा, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत कोणती हेही त्याच वेळी सांगून टाका.